शेरा कोणासाठी असतो?

मागच्या लेखात आपण संशोधनातली चलं कशी ठरवायची ते पाहिलं. त्यानंतर पेटची तयारी करणाऱ्या काही जणांनी आपापले विषय मला पाठवले. त्यात एक विषय थोड्याफार फरकाने परत परत येतोय: ‘प्राथमिक स्तरावरील विद्यार्थ्यांच्या वाचन-लेखन प्रगतीवर शिक्षकांच्या अभिप्रायाचा होणारा परिणाम : एक अभ्यास’. तालुका बदलतो, इयत्ता बदलते, बाकी शब्द तेच. विषय चांगला आहे, माझ्या कामाच्या जवळचाही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. उदाहरणं शक्यतो आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या अंगाने घेते, कारण तुमच्यातले बरेच जण इथल्याच झेडपीच्या शाळांत माहिती गोळा करणार आहेत.

या शीर्षकात एक प्रश्न तसाच राहतो. अभिप्राय कोणाला दिलेला? मुलाला, पालकांना, केंद्रप्रमुखांना, की शिक्षकांनी स्वतःच्या आठवणीसाठी लिहून ठेवलेला? आपण धरून चालतो की मुलालाच. प्रत्यक्षात तसं नसतं, आणि आराखड्यावर चर्चा सुरू झाली की पहिला अडथळा इथंच येतो.

आधी कागदावर काय आहे ते बघू. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २९ मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन येतं. त्याला धरून महाराष्ट्राने २० ऑगस्ट २०१० चा शासन निर्णय काढला. त्यात मूल्यमापनाचे दोन भाग केले, आकारिक आणि संकलित. पहिली-दुसरीला आकारिकला ७० टक्के भार, तिसरी-चौथीला ६०, पाचवी-सहावीला ५०, सातवी-आठवीला ४०. (पाचवी आणि आठवीला २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा परत आली आहे. तुमचा नमुना पाचवीचा असेल तर जुन्या निर्णयावर विसंबू नका.) आकारिकसाठी आठ साधनं: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. शेवटी श्रेणी, अ-१ पासून खाली. आणि श्रेणीच्या सोबत वर्णनात्मक नोंदी, तीन रकान्यांत: विशेष प्रगती, आवड किंवा छंद, सुधारणा आवश्यक.

आपल्याला हव्या त्या अभिप्रायाची जागा म्हणजे हा तिसरा रकाना. कागदावरची कल्पना चांगलीच आहे. मूल काय वाचू शकतं आणि कुठं अडतंय ते शिक्षकांनी शब्दांत लिहायचं, नुसता आकडा द्यायचा नाही. पण एका वर्गात तीस मुलं, विषय सात-आठ, सत्रं दोन. नोंदींची संख्या तुम्हीच करा. कित्येक शाळांत दोन शिक्षक चार वर्ग सांभाळतात. मग तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या, पीडीएफ आल्या, शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरू लागल्या. ‘वाचनाचा सराव आवश्यक’, ‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे’, ‘जोडाक्षरयुक्त शब्द अडखळत वाचतो’. शिक्षकांना आळशी ठरवून हे सुटत नाही. नोंद तपासणीसाठी मागितली की ती तपासणीसाठीच लिहिली जाते. तिचा वाचक मूल नसतंच.

आता व्याख्येकडे येऊ. बी.एड.च्या पुस्तकात आपण ‘प्रत्याभरण’ शिकलो. व्यवहारात अभिप्राय, शेरा, फीडबॅक, नोंद हे सगळे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो. आराखड्यात असं चालणार नाही. अर्कलगुड रामप्रसाद यांनी १९८३ मध्ये एक व्याख्या दिली. गंमत म्हणजे ते व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक, शाळेशी त्यांचा तसा संबंध नव्हता. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा: सध्याची पातळी आणि अपेक्षित पातळी यांच्यातल्या अंतराची माहिती, जी ते अंतर बदलण्यासाठी वापरली जाते, ती म्हणजे फीडबॅक. ‘वापरली जाते’ हे शब्द महत्त्वाचे. माहिती नोंदवून कपाटात गेली तर या व्याख्येप्रमाणे तो फीडबॅक होतच नाही. ऑस्ट्रेलियाचे रॉइस सॅडलर यांनी १९८९ मध्ये हेच शिक्षणात आणलं आणि मुलाच्या बाजूने तीन अटी सांगितल्या: चांगलं काम कसं असतं हे मुलाला माहीत हवं, आपलं काम त्याच्याशी ताडून बघता यायला हवं, आणि अंतर कमी करायला काहीतरी करता यायला हवं.

या तीन अटी ‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे’ला लावून बघा. एकही बसत नाही.

संदर्भ साहित्याचा आढावा लिहिताना बहुतेक जण ‘अभिप्रायामुळे अध्ययन सुधारते असे विविध संशोधनांतून दिसून आले आहे’ असं एक वाक्य टाकून पुढे जातात. हे वाक्य अर्धंच खरं आहे. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये तोवरच्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं, त्यात ६०७ परिणाम-आकार होते. सरासरी परिणाम ०.४१, म्हणजे बऱ्यापैकी चांगला. पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी फीडबॅक दिल्यावर कामगिरी खाली गेली होती. लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं, की परिणाम घसरतो, असा त्यांचा तर्क. ‘तू हुशार आहेस’ आणि ‘तू कच्चा आहेस’ ही दोन्ही वाक्यं या दृष्टीने एकाच माळेचे मणी. जॉन हॅटी आणि हेलन टिंपर्ली यांचा २००७ चा लेख तुम्ही वाचलाच असेल. पेटला त्यावर प्रश्न विचारता येईल असा आहे, त्यातले तीन प्रश्न (कुठं जायचंय, आत्ता कुठं आहे, पुढचं पाऊल कोणतं) आणि चार स्तर पाठ करून ठेवा.

रूथ बटलर यांचा १९८८ चा प्रयोग मात्र नुसता पाठ करू नका, नीट वाचा. इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांचे गट केले. काहींना कामावर फक्त शब्दांत शेरा, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्या मुलांची गोडी आणि कामगिरी दोन्ही वाढली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्या मुलांचं मात्र फक्त गुण मिळालेल्यांसारखंच झालं. आकडा दिसला की शेरा वाचायचं कारणच उरत नाही, असा याचा अर्थ लावला जातो. आपल्या प्रगतिपत्रकात श्रेणी आणि नोंद शेजारी-शेजारी असते, त्यामुळे हा प्रयोग आपल्याला लगेच पटतो. पण सावध राहा. त्यातली कामं शब्दकोड्यासारखी आणि कल्पक विचारांची होती, रोजचं वाचन-लेखन नव्हतं. आणि मूल तिथं शेरा स्वतः वाचत होतं. दुसरीतलं मूल ‘जोडाक्षरयुक्त शब्द अडखळत वाचतो’ हा शेरा वाचू शकेल का? ज्या मुलासाठी तो लिहिलाय त्याला तो वाचता येणार नाही, हे त्या वाक्यातच लिहिलेलं आहे. प्राथमिकच्या खालच्या वर्गांत अभिप्राय तोंडीच असणार, आणि तोंडी अभिप्राय कुठल्याच रजिस्टरमध्ये सापडत नाही. म्हणजे तुमचं माहितीचं साधन प्रगतिपत्रक असू शकत नाही. वर्गात बसावं लागेल.

भारतातला पुरावा काय म्हणतो? दोन अभ्यास तुमच्या आढाव्यात असायलाच हवेत. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांचा आंध्र प्रदेशातला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. शाळांत वर्षाच्या सुरुवातीला चाचणी घेतली, कोणतं मूल कुठं अडलंय याचा तपशीलवार अहवाल शिक्षकांना दिला, तो कसा वापरायचा तेही सांगितलं, अधूनमधून भेटी दिल्या. निरीक्षक समोर असताना शिक्षक जास्त मेहनत घेताना दिसले. वर्षअखेरीस मुलांच्या गुणांत मात्र फरक नव्हता. दुसरा अभ्यास जेम्स बेरी, हरिणी कन्नन, शोभिनी मुखर्जी आणि मार्क शॉटलँड यांचा, हरियाणातल्या सरकारी शाळांतला, २०२० चा. तिथं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनच तपासलं गेलं आणि मुलांच्या शिकण्यावर त्याचा परिणाम आढळला नाही. त्याच अभ्यासात प्राथमिकच्या मुलांना वाचनाच्या पातळीप्रमाणे गट करून रोज ठरावीक वेळ शिकवण्याचा कार्यक्रमही होता. त्याने हिंदीचं वाचन सुधारलं.

हे दोन निष्कर्ष शेजारी ठेवले की आपला प्रश्न बदलतो. मुलाची पातळी शिक्षकांना कळणं पुरेसं ठरत नाही. कळल्यावर उद्याच्या तासात काय बदललं, ते बघावं लागतं.

आता मराठीकडे. वाचनाचं एक उदाहरण घेऊ, कल्पितच. तिसरीतली दोन मुलं. समोर वाक्य आहे: ‘सकाळी आजोबा शेतावर गेले.’ पहिलं मूल झरझर वाचतं: ‘सकाळी आजोबा शेतात गेले.’ दुसरं मूल वाचतं: ‘स-का-ळी... सकाळी, आ-जो-बा... आजोबा, शे-ता-व-र... शेतावर... गेले.’ विचारलं, आजोबा कुठं गेले? पहिलं सांगतं, रानात. दुसरं गप्प.

पहिल्याची एक चूक आहे, दुसऱ्याची एकही नाही. पण पहिलं मूल अर्थ धरून वाचतंय, फक्त शब्दाच्या शेवटी नजर थांबत नाही. त्याला म्हणायचं, ‘गोष्ट बरोबर कळली तुला. आता हा शब्द शेवटपर्यंत बघ, काय लिहिलंय?’ दुसऱ्याला अक्षरं येतात, पण सगळी ताकद ती जोडण्यातच संपते, वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. त्याला ओळखीचाच मजकूर दोनदा-तीनदा वाचायला द्यायचा आणि मग गोष्टीवर बोलायचं. नोंदवहीत दोघांच्याही नावापुढे ‘वाचनाचा सराव आवश्यक’ येऊ शकतं. सराव कसला, ते दोघांसाठी अगदी वेगळं आहे. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी मुलाचं वाचन ऐकता-ऐकता खुणा करत जाण्याची जी पद्धत बसवली ती याचसाठी: चुका किती, यापेक्षा कोणत्या जातीच्या, हे कळायला. तुमच्या अभ्यासात ती पद्धत मराठीला बेतून वापरता येईल. मात्र बेतायला वेळ द्या. काना-मात्रा सुटणं, जोडाक्षर फोडून वाचणं, रफार चुकीच्या अक्षरावर घेणं, प्रत्यय बदलणं, या आपल्या लिपीच्या आणि भाषेच्या जाती आहेत, इंग्रजीच्या तक्त्यात त्या मिळणार नाहीत. सोनाली नाग यांनी २००७ मध्ये कन्नडवर दाखवलं की अक्षरसंचावर पकड यायला तिसरी-चौथीपर्यंत वेळ लागतो. मराठीची लिपीही त्याच घडणीची. म्हणून दुसरीत जोडाक्षर अडलं तर लगेच ‘मागे पडलेला’ म्हणायची घाई नको.

याच जागी शब्दसंख्येचा मुद्दा येतो. निपुण भारत ५ जुलै २०२१ ला सुरू झालं. त्यात दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीला किमान ६०, समजून वाचणं अपेक्षित आहे. आता ‘घरासमोरच्या’ हा मराठीत एक शब्द आहे. हिंदीत ‘घर के सामने के’, चार शब्द. मग मिनिटाला ६० चा अर्थ दोन्ही भाषांत एकच कसा? २०२२ च्या पायाभूत अध्ययन अभ्यासात एनसीईआरटीने वीस भाषांसाठी वेगवेगळे निकष काढले ते म्हणूनच. तुम्ही चाचणी बनवत असाल तर दुसऱ्या भाषेतला आकडा उचलू नका. असरच्या साधनात (२००५ पासून चालू आहे) अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्या आहेत. घराघरांत जाऊन पटकन पातळी बघायला ते फार सोयीचं. पण वरची आपली दोन मुलं त्यात कदाचित एकाच पायरीवर दिसतील. पातळी सांगणारं साधन आणि पुढचं पाऊल सुचवणारं साधन, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लेखनाबद्दल थोडं कमी लिहिते, कारण आपल्याकडे अभ्यासायला मुळात लेखनच कमी सापडतं. पालघरमधल्या वाड्यात मराठीचा आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये कन्नडचा असा शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांचा तीन वर्षांचा अभ्यास आहे, वाड्यात क्वेस्ट ही संस्था त्यात होती. त्यातून दिसलं की वर्गातलं लेखन बहुतांशी उतरवून काढणं असतं. फळ्यावरचं वहीत उतरवलं तर अभिप्राय फक्त अक्षराच्या वळणावर देता येतो. मुलाने स्वतःचं काही लिहिलं तरच पुढचं बोलणं होतं. समजा मुलीने लिहिलं: ‘आमी रानात गेलो. तितं लय पानी व्हतं. माझी चपल वाहून गेली.’ लाल पेनाने ‘आम्ही’, ‘तिथे’, ‘खूप’, ‘पाणी’, ‘होते’, ‘चप्पल’ एवढं दुरुस्त करता येतं, आणि पानभर लाल झालं की पुढच्या वेळी ती दोनच वाक्यं लिहील, चुकणार नाहीत अशी. यातल्या सगळ्या चुका एकसारख्या नाहीत. ‘पानी’, ‘लय’, ‘व्हतं’ ही तिच्या घरची बोली आहे, तिने ऐकलं तसंच अचूक लिहिलंय. ‘चपल’मध्ये जोडाक्षर सुटलंय, ही लिपीची अडचण. आणि चपलेचं पुढं काय झालं, हे तिनं सांगितलेलंच नाही. माझं मत विचाराल तर पहिला अभिप्राय चपलेबद्दलचा असावा: मग तू अनवाणी आलीस का? दुसरा ‘चप्पल’ बद्दल. बोलीबद्दल त्या दिवशी काही न बोललेलंच बरं. ‘पुस्तकात असं लिहितात’ हे सावकाश, दुसऱ्या दिवशी सांगता येतं. तुमच्या निरीक्षण तक्त्यात या तीन प्रकारांचे वेगळे रकाने करा. ‘चुकांची संख्या’ असा एकच रकाना केलात तर बोली बोलणारं मूल तुमच्याच आकडेवारीत कच्चं ठरेल. अकोल्यात ठाकर किंवा महादेव कोळी मुलांच्या शाळा घेणार असाल तर हे आणखीच महत्त्वाचं. त्या भागात जाण्याआधी हेरंब कुलकर्णी यांचं ‘शाळा आहे शिक्षण नाही’ वाचून घ्या.

आता ज्या गोष्टीने तुमचा सगळा आराखडा कोसळू शकतो, तिच्याकडे येते. पूर्वचाचणी-उत्तरचाचणी रचना असेल तर साहजिकच पूर्वचाचणी पहिल्या सत्रात घ्याल आणि उत्तरचाचणी मार्च-एप्रिलमध्ये. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या पट्ट्यातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला कुटुंबं निघतात. शाळेत संकलित एक होतं आणि कोयता बाहेर पडतो. मुलं आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहिली तर राहिली, नाहीतर आईबापाबरोबर. उत्तरचाचणीच्या दिवशी ती नसतात. आपण लिहितो, ‘अपूर्ण माहितीमुळे अमुक विद्यार्थी वगळले.’ वगळलेली मुलं यदृच्छेने गळालेली नाहीत. ज्यांना अभिप्रायाची सर्वांत जास्त गरज होती त्यांच्यातली बरीच त्यात असणार. मग तुमचा निष्कर्ष ‘प्राथमिक विद्यार्थ्यां’बद्दलचा राहत नाही, गावात राहिलेल्या विद्यार्थ्यांबद्दलचा होतो. निदान तसं स्पष्ट लिहा. गळालेल्या मुलांचे पूर्वचाचणीचे गुण राहिलेल्या मुलांच्या गुणांशी ताडून दाखवा.

आणि हेच मूल जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, राहाता-कोपरगाव-संगमनेर-राहुरीकडच्या एखाद्या कारखान्याच्या गावात शाळेत बसलं, तर तिथल्या बाईंना त्याच्याबद्दल काय माहीत असतं? स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची सोय आहे. मूल कोणत्या इयत्तेत होतं ते कळतं. ते ‘शेतावर’ला ‘शेतात’ वाचणारं आहे की अक्षर-अक्षर जोडणारं, हे कळायला मात्र कुणीतरी दोन ओळी नेमक्या लिहिलेल्या हव्यात. इथं लिखित नोंदीला खरोखर एक वाचक आहे, आणि तो तिच्यावर दुसऱ्या दिवशीच काहीतरी करू शकतो. मला वाटतं, तुमच्यापैकी कुणाला लहानसा पण खराखुरा विषय हवा असेल तर तो हा आहे: स्थलांतर करणाऱ्या मुलाबरोबर वाचन-लेखनाची कोणती माहिती जाते, आणि पोचलेल्या शाळेत तिचं काय होतं. नमुना लहान असेल, टक्केवारीचे आलेख काढता येणार नाहीत, पण प्रश्नाला धार आहे.

ज्यांना मूळ विषयच ठेवायचा आहे त्यांनी शीर्षकातला ‘परिणाम’ जरा बाजूला ठेवून आधी एक वर्णनात्मक टप्पा घ्यावा. एका वर्गात भाषेचे काही तास बसा. शिक्षकांनी मुलाच्या वाचन-लेखनावर काहीही म्हटलं की ते शब्दशः लिहा, आणि शेजारच्या रकान्यात त्यानंतर मुलाने काय केलं ते लिहा: परत वाचलं, खोडून लिहिलं, मान हलवली, काहीच केलं नाही. शेवटचे दोन प्रकार किती भरतात ते बघा. संशोधक मागे बसला की शिक्षक बदलतात, हे आंध्रच्या अभ्यासात दिसलंच आहे. म्हणून पहिले दोन-तीन दिवस विश्लेषणात धरू नका.

परवानगीचं शेवटी सांगते, पण काम मात्र ते सगळ्यात आधी करायचं. शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांचं पत्र, मुख्याध्यापकांची संमती, पालकांची संमती, आणि मुलालाही विचारायचं. ऊसतोडीच्या पट्ट्यात पालकांच्या सह्या दिवाळीआधी घ्या, नंतर ते भेटणार नाहीत. वहीचा फोटो काढताना नाव झाका. आणि वही घरी नेऊ नका, तिथंच फोटो काढून त्याच दिवशी परत द्या, कारण संध्याकाळचा गृहपाठ त्याच वहीत असतो.